धबधब्याच्या पायथ्यापर्यंत : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

भोर व वेल्हे या दोन तालुक्यांतील मुलांस धबधबा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आषाढात शाळेच्या दारातून समोरच्या डोंगराकडे पाहिले, की कड्यावरून खाली उतरलेल्या पाच-सहा पांढऱ्या रेघा त्यांस सहज दिसतात. परंतु हीच मुले भूगोलाच्या तासास, "धबधब्याचे एक उदाहरण सांग," असे विचारताच नायगारा किंवा जोग अशी नावे सांगतात. गावामागच्या पाण्याचे नाव घेण्याचे त्यांच्या मनातही येत नाही. पुस्तकातील जग वेगळे आणि डोळ्यांसमोरचे जग वेगळे अशी जी फारकत मुलांच्या मनात नकळत होते, ती प्राथमिक शिक्षणाचे एक मोठे वैगुण्य होय. ती दूर करण्यास आपल्या परिसरातील एखादा धबधबा वरून व पायथ्यापासून नीट पाहण्यासारखे दुसरे सोपे साधन नाही. मात्र हे साधन जितके सोपे, तितकेच अविचाराने वापरल्यास घातकही आहे. म्हणून त्याचा विचार दोन्ही बाजूंनी केला पाहिजे.

स्थळाची निवड

या भागात असा पाठ घेण्यास योग्य असे स्थळ म्हणजे वेल्हे तालुक्यातील मढे घाट. (या तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तथापि लोकांच्या तोंडी जुने नाव रुळलेले असल्याने येथे तेच योजिले आहे.) नसरापूरवरून वेल्ह्यास व तेथून खिंड ओलांडून केळद गावी जाता येते. पुणे शहरापासून हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. केळदपुढे थोड्याच अंतरावर देशावरची जमीन एकाएकी संपते आणि समोर कोकणची दरी उघडते. याच ठिकाणी एक ओढा कड्यावरून खाली उडी घेतो. त्यास लक्ष्मी धबधबा असे म्हणतात. त्याच्या शेजारूनच घाटाची जुनी पायवाट खाली महाड तालुक्यातील वाड्यांकडे उतरते. धबधब्याच्या माथ्यावरून त्याच्या पायथ्यापर्यंत पायी जाता येणे ही गोष्ट सह्याद्रीत सर्वत्र साध्य नसते. येथे ती साध्य आहे, हाच या स्थळाचा विशेष.

घाटाच्या नावामागे एक परंपरागत कथा आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगडाच्या लढाईत तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले. त्यांचा देह याच वाटेने कोकणात उमरठ या गावी नेण्यात आला व म्हणून यास मढे घाट हे नाव पडले, असे लोक सांगतात. उमरठ हे गाव आज रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात असून तेथे तानाजींचे स्मारक आहे. ही कथा मुलांस सांगताना ती लोकपरंपरेने चालत आलेली आहे, हेही शिक्षकाने सांगावे. इतिहास कशास म्हणावे आणि परंपरा कशास म्हणावे, हा भेद चौथी-पाचवीच्या मुलांस समजू लागतो. तो समजल्याने कथेविषयीचा आदर कमी होत नाही.

या कड्यावरून खाली उतरणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. मढे घाटाच्या जवळच उपांड्या घाट आहे. शेवत्या घाट, गोप्या घाट, बोराट्याची नाळ ही नावे वयस्कर माणसांच्या बोलण्यात आजही येतात. भोरहून महाडकडे जाणारा वरंध घाट गाडीरस्ता झाला; इतर वाटा पायवाटाच राहिल्या. पूर्वी कोकणातून मीठ वर येई व देशावरून धान्य खाली जाई, ते अशाच वाटांनी. धबधबा जेथे कड्यास खाच पाडतो, तेथेच माणसासही उतरण्यास फट सापडते. पाण्याची वाट व माणसाची वाट या दोन्ही बहुधा शेजारी-शेजारी असतात, त्याचे कारण हेच.

कडा कसा घडला

धबधबा समजण्यासाठी प्रथम कडा समजला पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीस मोठमोठ्या भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो दूरवर पसरला व थंड होऊन त्याचा काळा पाषाण बनला. त्यास शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. हा प्रकार एकदाच झाला नाही. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे अनेक थर साचले. आज भारतात सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या पाषाणाने व्यापलेला आहे. या रचनेस इंग्रजीत 'ट्रॅप' हे नाव पडले, ते स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून. राजगड किंवा तोरणा या गडांकडे दुरून पाहिले असता डोंगरास पायऱ्या घातल्यासारख्या दिसतात. त्यावरून हे नाव किती यथार्थ आहे, हे मुलांच्या लगेच ध्यानी येईल.

या थरांपैकी काही थर अत्यंत कठीण असतात. त्यांच्या उभ्या भिंती बनतात. काही थर सच्छिद्र असून लवकर झिजतात. थंड होताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी स्फटिके तयार होतात. मुले गारगोट्या म्हणून वेचतात त्यांपैकी पुष्कळ याच होत. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा मातीसारखा पट्टाही दिसतो. एक थर साचल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्या काळात पहिल्या थराचा पृष्ठभाग झिजून व पुढे वरच्या लाव्ह्याने भाजून हा पट्टा झाला.

आता धबधब्याचे काम पाहावे. ओढ्याचे पाणी कठीण थरावरून वाहत येते व त्याच्या कडेवरून खाली पडते. खाली पडणारे पाणी व त्याबरोबर येणारे दगडगोटे पायथ्याशी खोल डोह कोरतात. उडणारे तुषार मागील मऊ थर भिजवून झिजवितात. त्यामुळे कठीण थराखाली पोकळी होते, वरचा थर छतासारखा पुढे राहतो आणि एके दिवशी आधार सुटून त्याचा तुकडा कोसळतो. पायथ्याशी जे प्रचंड धोंडे पडलेले दिसतात, ते याच छताचे तुकडे होत. याप्रमाणे धबधबा हळूहळू मागे मागे सरकत असतो. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील नायगारा धबधबा सुमारे बारा हजार वर्षांत सुमारे अकरा किलोमीटर मागे सरला आहे. आपल्याकडील पाषाण अधिक कठीण व ओढे केवळ पावसाळी. म्हणून येथे ही गती फार मंद आहे. परंतु क्रिया तीच.

कड्याच्या पायथ्याशी अशा पोकळीची मोठी गुहा झाली, म्हणजे तीस घळ म्हणतात. याच डोंगररांगेच्या कोकणच्या अंगास महाड तालुक्यात असलेली शिवथरघळ सर्वांस ठाऊक आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना तेथे केली, अशी श्रद्धा आहे. पावसाळ्यात त्या घळीजवळही मोठा धबधबा कोसळतो.

पाणी कोठून येते व कोठे जाते

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या उंच भिंतीस अडतात व वर चढतात. वर चढताना हवा थंड होते आणि तीतील बाष्पाचा पाऊस पडतो. म्हणून कड्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडत असता, डोंगर ओलांडून पूर्वेस गेलेल्या वाऱ्याजवळ थोडेच बाष्प उरते. पुणे शहरात वर्षभरात सरासरीने सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो. केवळ साठ-पासष्ट किलोमीटरांत पडणारा हा फरक नकाशावर दाखविला, तर मुलांस पर्जन्यछायेचा अर्थ पाठ न करता कळतो.

जुलै महिन्यात कधी कधी लहान धारा खाली पडण्याऐवजी वर उडताना दिसतात. मुले यास उलटा धबधबा म्हणतात. यात चमत्कार काही नाही. पश्चिमेचा जोरदार वारा कड्यावर आदळून वर वळतो आणि हलकी धार आपल्याबरोबर उचलून माथ्यावर फेकतो. मोठ्या धारेस तो उचलू शकत नाही.

धबधब्याच्या माथ्यावर उभे राहिले असता मुलांस एक महत्त्वाचा प्रश्न विचारावा : "येथे पडलेला थेंब कोणत्या समुद्रास मिळेल?" कड्यावरून पडणारे पाणी सावित्री नदीच्या खोऱ्यात जाते व हरिहरेश्वर-बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. परंतु पाठीमागे, डोंगराच्या पूर्व उतारावर पडलेला थेंब कानंदी, गुंजवणी किंवा वेळवंडी यांपैकी एखाद्या नदीवाटे नीरेस, नीरेतून भीमेस, भीमेतून कृष्णेस मिळतो आणि शेकडो कोस चालून बंगालच्या उपसागरास पोहोचतो. एकाच ढगातून शेजारी-शेजारी पडलेल्या दोन थेंबांची अशी ताटातूट जेथे होते, त्या रेषेस जलविभाजक म्हणतात. ही व्याख्या वर्गात दहा वेळा घोकून घेण्यापेक्षा केळदच्या माथ्यावर एकदा उभे राहून सांगितलेली अधिक टिकते.

यापुढचा प्रश्न मात्र कठीण आहे व तो मुलेच विचारतील. एवढे पाणी पडते, तर वैशाखात आईस हंडा घेऊन इतके दूर का जावे लागते? या प्रश्नास बगल देऊ नये. धबधबा पाहण्याचे खरे प्रयोजन या प्रश्नातच आहे.

त्याचे उत्तर त्याच कड्यात आहे. अखंड बेसाल्ट पाणी पिऊन घेत नाही. पाणी मुरते ते फक्त त्याच्या भेगांतून, सच्छिद्र थरांतून व वरील मातीतून. डोंगराच्या तीव्र उतारावर माती थोडी व पाणी वेगाने निघून जाणारे. त्यामुळे मुरण्यास अवसरच मिळत नाही. आषाढात गर्जना करणारा ओढा पौषात बारीक होतो व फाल्गुनात कोरडा पडतो, तो यामुळे. झाडी, गवत व मुळे जेथे आहेत तेथे पाणी थबकते. उतार जेथे उघडा पडला तेथे ते थांबत नाही. जे पाणी पूर्वेकडे वळते, ते भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी यांसारख्या धरणांत साठते. नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या बाजूची शेती भिजते. परंतु धरणाच्या वर, उंचावर असलेल्या वाडीस खालचे साठलेले पाणी आपोआप मिळत नाही, कारण पाणी उताराकडे जाते. वाडीने आपल्या माथ्यावरील झरे, टाकी व पाझर जपले, तरच चैत्र-वैशाखात तिची तहान भागते. गडांवरील खडकात खोदलेली पाण्याची टाकी मुलांनी पाहिलेलीच असतात. ती खोदणाऱ्यांस हा विचार पुरता ठाऊक होता.

केव्हा जावे, केव्हा जाऊ नये

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. भर पावसाळ्यात मुलांस धबधब्याच्या पायथ्याशी नेऊ नये. ३० जून २०२४ रोजी याच जिल्ह्यात लोणावळ्याजवळील भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ती माणसे प्रवाहात उभी असता पाहता पाहता पाणी वाढले व परतण्यास वाट उरली नाही. असा प्रसंग नशिबाने ओढवतो असे म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. त्यामागील कारणे समजण्यासारखी आहेत आणि ती समजावून देणे हे शिक्षकाचे काम आहे.

पहिले कारण असे, की ओढ्यास येणारे पाणी आपण उभे आहोत तेथील पावसाचे नसते. ते वरच्या सर्व उतारावरील पावसाचे असते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी होते. त्या हिशेबाने एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १० कोटी लिटर पाणी जमते. खडकाळ उतारावरून त्यातील पुष्कळसे थोड्या वेळात एकाच ओढ्यात उतरते. म्हणून पायथ्याशी ऊन पडले असतानाही लोंढा येऊ शकतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पाने व काटक्या वाहून येणे, आवाजाचा सूर बदलणे या त्याच्या खुणा होत. यांपैकी एक खूण दिसताच, पाण्याकडे पाहत न राहता, तत्काळ उंच जागी निघून जावे.

दुसरे कारण पाण्याच्या जोराचे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा धक्का चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. तिसरे, पायथ्याच्या डोहातील पाणी फेसाळ असते. फेस म्हणजे पाणी व हवा यांचे मिश्रण. ते माणसास नेहमीच्या पाण्याइतके तोलून धरीत नाही व वरून पडणारी धार खाली दाबते. म्हणून विहिरीत उत्तम पोहणारा मुलगाही अशा डोहात असहाय होतो. चौथे, धारेबरोबर दगड येतात. पाचवे, शेवाळलेल्या खडकावर कोणताही जोडा टिकत नाही.

यासाठी या पाठाचे दोन भाग करावेत. पहिला भाग पावसाळ्यात, परंतु दुरून. शाळेच्या अंगणातून किंवा गावाजवळच्या सुरक्षित माळावरून समोरच्या कड्यावरील धारा मोजाव्यात, त्यांची चित्रे काढावीत, कोणती धार पाऊस थांबल्यावर किती दिवस टिकते, याची नोंद ठेवावी. दुसरा भाग पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात. त्या वेळी ओढ्यात पाण्याची बारीक धार असते, वाट वाळलेली असते आणि कड्याचे थर उघडे दिसतात. पावसाळ्यात पाण्याने झाकलेले पुस्तक हिवाळ्यात वाचता येते.

निघण्यापूर्वी व वाटेत

पायथ्यापर्यंतची भेट सातवी-आठवीच्या मुलांसाठी योग्य. लहान मुलांनी माथ्यावर, कड्यापासून दूर राहूनच पाहावे. निघण्यापूर्वी पालकांची लेखी संमती व वरिष्ठांची परवानगी घ्यावी. हवामान खात्याचा नारिंगी अथवा लाल इशारा असेल, तर दौरा रहित करावा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडून अशा स्थळांसंबंधी मनाई आदेश निघतात. ते अमलात असतील, तर पालन करण्याखेरीज दुसरा विचार नसावा. शिक्षकाने स्वतः आठ-दहा दिवस अगोदर ती वाट चालून पाहावी. न पाहिलेल्या वाटेवर मुलांस नेणे म्हणजे न वाचलेला धडा शिकविण्यास उभे राहणे होय, आणि येथे चूक फळ्यावरून पुसता येत नाही.

गावातील एक जाणती व्यक्ती बरोबर घ्यावी. गुरे चारणारा किंवा रानातून फाटी आणणारी बाई त्या ओढ्याचे वर्तन जितके जाणते, तितके कोणतेही पुस्तक जाणत नाही. कोठे पाय घसरतो, कोठे दरड सुटते, कोणत्या कपारीत आग्या मोहोळ आहे, हे त्यांस विचारावे. आग्या माश्यांची पोळी उंच कड्यांवर असतात. धूर, आरडाओरडा व दगडफेक यांनी त्या उठतात व मग पळण्यास जागा उरत नाही. म्हणून कड्याखाली धूर करू नये व मुलांस शांत राहण्याची सवय आधीपासून लावावी.

चालताना एक शिक्षक पुढे, एक शेवटी व मुले जोडीजोडीने असावीत. दर थांब्यावर मोजदाद करावी. पाणी, गूळ-शेंगदाणे, एक जाड दोर व प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. कड्याच्या खोबणीत भ्रमणध्वनीस संपर्क मिळेलच, असे नाही. म्हणून परतण्याची वेळ गावात सांगून ठेवावी. आपत्तीत पोलिसांसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावेत. डोहात उतरणे कोणत्याही ऋतूत वर्ज्य समजावे.

उतरताना काय पाहावे

सकाळी लवकर माथ्यावर पोहोचावे. धारेस थोडे अधिक पाणी असून तुषार उडत असतील, तर सुरक्षित जागेवरून, सूर्य पाठीशी घेऊन खाली दरीकडे पाहावे. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी इंद्रधनुष्य दिसले, तर ते पायांखाली दिसते. आकाशातील इंद्रधनुष्य सर्वांनी पाहिलेले असते. दरीतील कमान पाहिली, म्हणजे ती सूर्य, तुषार व आपला डोळा या तिघांच्या स्थानावर अवलंबून असते, हे ध्यानी येते.

वाट उतरू लागल्यावर मुलांनी कड्याचे थर वरून खाली मोजावेत. कोणता थर गुळगुळीत, कोणता भोकाभोकांचा, विटकरी पट्टा कोठे दिसतो, हे वहीत उभ्या चित्राने दाखवावे. वाटेत कारवीची झुडपे लागतात. ती दर वर्षी फुलत नाहीत. सुमारे सात वर्षांनी एकदा सर्व एकदम फुलतात व मग मरतात. त्यांची मुळे उतारावरील माती धरून ठेवतात, हे उकरून न पाहताही पडलेल्या दरडीशेजारी दिसून येते. कपारींतून पाकोळ्या उडतात. ओढ्याकाठी नशीब असेल, तर माणसाने घालावी तशी शीळ ऐकू येते. ती शीळकरी कस्तूर या निळसर काळ्या पक्ष्याची. दगडाखाली खेकडा दिसला, तर दगड पुन्हा होता तसा ठेवावा.

पायथ्याशी पोहोचल्यावर पाच मिनिटे कोणी बोलू नये. मान वर करून पाहिलेला कडा प्रत्येकाने आपापला पाहावा. त्यानंतर धोंड्यांकडे लक्ष वेधावे. धारेजवळचे धोंडे अणकुचीदार व ओढ्यात खाली गेलेले दगड गोल का, हा प्रश्न विचारून उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. मागील पोकळी दुरून दाखवावी. तिच्या छताखाली जाऊ देऊ नये, कारण तेच छत पुढेमागे कोसळावयाचे असते.

धारेची उंची अजमावण्याचा एक सोपा मार्ग आहे. धारेतील एखादा पांढरा झोत माथ्यावरून सुटल्यापासून खाली पोहोचेपर्यंत किती सेकंद लागतात, ते घड्याळावर पाहावे. सेकंदांचा वर्ग करून त्यास ४.९ ने गुणिले, की उंची सुमारे तितके मीटर येते. दोन सेकंद लागल्यास सुमारे २० मीटर, तीन लागल्यास सुमारे ४४ मीटर. हवेच्या विरोधामुळे पाणी थोडे सावकाश पडते. म्हणून हे उत्तर खऱ्या उंचीपेक्षा काहीसे अधिक येईल. उत्तर नेमके नाही याची खंत नको. ते कोणत्या बाजूस व का चुकते, हे कळणे हाच गणिताचा मोठा धडा आहे. उंची पाहण्यासाठी वरून दगड सोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. खाली कोणी असू शकते.

परतीची चढण उतरणीपेक्षा अधिक वेळ घेते. दुपार टळण्यापूर्वी निघावे, म्हणजे उजेडात गाव गाठता येते. आणलेला प्रत्येक कागद व पिशवी परत न्यावी. पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या दिसतील. त्यांविषयी व्याख्यान देण्यापेक्षा चार बाटल्या उचलून आणाव्यात.

शाळेत परतल्यावर

भेट तेथेच संपत नाही. भाषेच्या तासास प्रत्येकाने एकच परिच्छेद लिहावा, परंतु त्यात स्वतः पाहिलेलेच लिहावे. 'नयनरम्य', 'विहंगम' असे तयार शब्द वर्ज्य केले, तर मुले आपले शब्द शोधू लागतात. इतिहासाच्या तासास घरातील आजी-आजोबांस घाटवाटेविषयी विचारून आणावे. हस्तव्यवसायाच्या तासास मातीचे दोन-तीन थर, एक घट्ट चिकणमातीचा व त्याखाली एक वाळूचा, रचून त्यावर झारीने पाणी सोडावे. वाळू आधी वाहून जाते व वरचा थर तुटून पडतो, हे अर्ध्या तासात दिसते. कड्यास जे हजारो वर्षे लागतात, ते अंगणात मुलांसमोर घडते.

गणिताच्या तासास शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजावे. ते ६० चौरस मीटर भरले व एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या दिवशी छपरावरून ६,००० लिटर पाणी वाहून जाते. शाळेत मुले किती, प्रत्येकास दिवसास पिण्यास किती लागते, हे पाणी साठविले तर किती दिवस पुरेल, हा हिशेब मुलांनीच करावा. त्या हिशेबाखेरीज दुसरा उपदेश लागत नाही. पन्हळीखाली एक टाकी असावी, हे मुले आपणहून बोलतील. आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे तो विषय त्यांच्या वहीसह मांडता येईल.

केळद-वेल्ह्याकडील, हिर्डोस मावळातील व वेळवंडीच्या खोऱ्यातील मुले उद्या मोठी होतील. त्यांतील पुष्कळशी नोकरीसाठी पुण्यास जातील. काही भाताच्या खाचरांत राहतील. पावसाळ्यात शहरातून येणाऱ्या पाहुण्यास, "तेथे उतरू नका, पाणी वाढते आहे," असे ठामपणे व कारणासह सांगणारा तरुण याच वर्गातून निघावा. माथ्यावरचा झरा बुजू न देणारी, उतारावरची कारवी न तोडणारी पिढीही याच वर्गातून निघावी. पुढल्या खेपेस भूगोलाच्या तासास धबधब्याचे उदाहरण विचारले असता मागच्या बाकावरील एखाद्या मुलीने नायगाऱ्याच्या आधी मढे घाटाचे नाव घेतले, तर पाठ पुरा झाला असे समजावे.